पालि गाथा आणि काव्याची परिभाषा

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच पालि भाषेलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. ही घटना समाधानाची आहे. तथापि दर्जा मिळाल्याने कोणतीही भाषा आपोआप वाचली जात नाही. पालि गाथा वाचावयाची कशी, आणि ती शिकविताना कोणत्या संज्ञा हाताशी घ्यावयाच्या, हा प्रश्न त्या घोषणेनंतरही होता तेथेच आहे.

आज गाथा आपल्याला मुख्यत्वे दोन ठिकाणी भेटते. बुद्धविहारात ती वंदनेच्या आणि परित्तपाठाच्या रूपाने म्हटली जाते. महाविद्यालयाच्या वर्गात ती परीक्षेकरिता शिकविली जाते. विहारात गाथा ओठांवर असते, परंतु तिची घडण कानांवर पडत नाही. वर्गात त्या घडणीची नावे सांगितली जातात. येथे उपमा आहे, येथे रूपक आहे, हे अमुक वृत्त, हा अमुक रस, अशी यादी विद्यार्थी लिहून घेतो. परंतु त्या नावामुळे गाथेच्या अर्थात कोणती भर पडली, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते दोन्ही ठिकाणी गाथेचे सारखेच नुकसान होते.

काव्याच्या परिभाषेकडे पाहण्याची एक साधी कसोटी येथे सुचवावयाची आहे. एखादी संज्ञा वापरल्यानंतर गाथेचा अर्थ पूर्वीपेक्षा अधिक काटेकोर झाला, तर ती संज्ञा उपयोगाची. तसे झाले नाही, तर ते केवळ नामकरण होय. ही कसोटी काही परिचित गाथांना लावून पाहू.

धम्माला काव्याचे वावडे आहे काय?

प्रथम एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. काही उपासक विचारतात, की तथागतांचा उपदेश दुःखमुक्तीसाठी आहे. त्यात अलंकार शोधणे म्हणजे औषध बाजूला ठेवून बाटलीचे कौतुक करणे नव्हे काय? हा आक्षेप पोकळ नाही. संयुत्तनिकायातील आणिसुत्तात त्याला आधारही सापडतो. दसारहांचा आनक नावाचा मृदंग होता. तो जेथे जेथे फुटला तेथे तेथे त्यांनी खुंट्या ठोकल्या. शेवटी मृदंगाचे मूळ लाकूड नाहीसे झाले आणि केवळ खुंट्यांचा सांगाडा उरला. पुढील काळात कवींनी रचलेली, चित्रविचित्र अक्षरांनी सजविलेली सुत्ते लोक आवडीने ऐकतील आणि गंभीर अर्थाची सुत्ते मागे पडतील, असा इशारा या दृष्टान्ताने दिला आहे.

परंतु हा इशारा कोणत्या रूपात दिला आहे, हेही पाहावयास हवे. तो एका उपमेतून दिला आहे, आणि ते सुत्त ज्या विभागात संगृहीत आहे त्याचे नावच ओपम्मसंयुत्त, म्हणजे उपमांचा संग्रह, असे आहे. नकली सजावटीविरुद्धचा हा इशारा दोन हजारांहून अधिक वर्षे टिकला, त्यामागे मृदंग आणि खुंट्या यांच्या चित्राचा वाटा मोठा आहे. तेव्हा आक्षेप काव्यावर नाही. अर्थ सोडून दिलेल्या कारागिरीवर तो आहे.

तिपिटकात काव्याचा विचार इतरत्रही आढळतो. संयुत्तनिकायाच्या सगाथवग्गात, देवतासंयुत्तामध्ये, गाथेविषयीच प्रश्नोत्तर आले आहे. गाथेचा पाया कोणता, तिची अभिव्यक्ती कशाने होते, ती कशाच्या आश्रयाने राहते आणि तिचे वसतिस्थान कोणते, असे चार प्रश्न तेथे विचारले आहेत. त्यांची उत्तरे क्रमाने छंद, अक्षरे, नाम आणि कवी अशी आहेत. एवढ्या छोट्या प्रश्नोत्तरात वृत्त, वर्णरचना, शब्दार्थ आणि रचणारी व्यक्ती ही काव्यविचाराची चारही अंगे येऊन जातात. अंगुत्तरनिकायात चिंताकवी, सुतकवी, अत्थकवी आणि पटिभानकवी असे कवींचे चार प्रकार सांगितले आहेत. विचार करून रचणारा, ऐकलेल्यावरून रचणारा, अर्थ धरून रचणारा आणि तत्काळ स्फुरणारा, असा तो भेद आहे. प्रतिभावान भिक्षूंमध्ये वंगीस थेर अग्र होत, असेही तेथेच म्हटले आहे. सुत्तनिपातातील सुभासितसुत्त चांगल्या वाणीची चार लक्षणे सांगते: ती सुभाषित असावी, धम्माला धरून असावी, प्रिय असावी आणि सत्य असावी. यांतील ‘प्रिय’ हे लक्षण सत्याच्या बरोबरीने बसविले आहे, हे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे.

उसनी परिभाषा आणि घरची परिभाषा

आपण वर्गात ज्या संज्ञा वापरतो त्या बहुतांशी संस्कृत काव्यशास्त्रातून आल्या आहेत. पालीतही त्या पद्धतीचा ग्रंथ आहे. सिंहलद्वीपातील संघरक्खित थेरांनी बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास ‘सुबोधालंकार’ रचला. त्यावर दंडीच्या ‘काव्यादर्शा’चा प्रभाव स्पष्ट आहे. दोष, दोषपरिहार, गुण, अर्थालंकार आणि भाव अशी त्याची पाच प्रकरणे आहेत. छंदांवरील ‘वुत्तोदय’ हा ग्रंथही त्यांचाच. हे कार्य मोलाचे आहे. परंतु थेरीगाथा किंवा सुत्तनिपात आणि सुबोधालंकार यांच्यामध्ये हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या थेरींनी गाथा म्हटल्या त्यांच्यापुढे हे अलंकारशास्त्र नव्हते.

तिपिटकाची स्वतःची वर्गवारी वेगळी आहे. सुत्त, गेय्य, वेय्याकरण, गाथा, उदान, इतिवुत्तक, जातक, अब्भुतधम्म आणि वेदल्ल या नऊ अंगांत बुद्धवचनाची विभागणी केली आहे. ही नावे अलंकारांची नाहीत. ती उच्चाराच्या प्रकारांची आहेत. गद्यात गाथा मिसळल्या की गेय्य, आनंदाच्या किंवा संवेगाच्या भरात मुखावाटे आपसूक निघाले ते उदान. वचन कोणी, कोणत्या प्रसंगी आणि कशा रूपात उच्चारले, याकडे या वर्गवारीचा रोख आहे. अलंकारशास्त्र शब्द कसे सजले ते पाहते. पालि गाथेसाठी आपल्याला दोन्ही प्रश्न लागतात. परंतु पहिला आधी विचारावा.

दोन परंपरांतील एकच शब्द भिन्न अर्थाने वापरला गेला की केवढा घोटाळा होतो, याचे उदाहरण ‘यमक’ या शब्दात मिळते. संस्कृत काव्यशास्त्रात अक्षरांचा तोच समूह वेगळ्या अर्थाने पुन्हा आला म्हणजे यमक होते. मराठीत सामान्यतः चरणान्तीच्या सारख्या उच्चाराला यमक म्हणतात. धम्मपदाचा पहिला वग्ग यमकवग्ग आहे. पण त्यात विद्यार्थी अन्त्ययमक शोधू लागला तर त्याच्या हाती काही लागणार नाही. येथे यमक म्हणजे जुळी गाथा. वग्गातील २० गाथांच्या १० जोड्या आहेत.

पहिलीच जोडी घ्या. दोन्ही गाथांची चौकट एकच आहे. मनाचे अग्रत्व दोहोंत त्याच शब्दांत सांगितले आहे. बदल होतो तो मनाच्या विशेषणात: एकीकडे ते ‘पदुट्ठ’, दुसरीकडे ‘पसन्न’. त्या एका बदलाने गाथेचा शेवट पालटतो. पहिल्या गाथेत दुःख मागे येते, ते गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावे तसे. दुसरीत सुख मागे येते, ते न सोडणाऱ्या सावलीसारखे. ‘दोन्ही ठिकाणी उपमा अलंकार’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले तर गुण मिळतील. परंतु गाथा हाती लागणार नाही. दोन्ही उपमांचा साधारण धर्म एकच आहे, तो म्हणजे मागोमाग येणे. मग दोन उपमाने कशासाठी? कारण चाकाला भार आहे आणि सावलीला नाही. बैल जुवाला जखडलेला आहे. चाक ओढणे त्याच्या नशिबी आहे. सावली मात्र कोणाला ओढावी लागत नाही. कर्मफलाची अटळता दोन्ही गाथांत तीच आहे, पण तिचा देहाला जाणवणारा भार निराळा आहे. उपमेय, उपमान आणि साधारण धर्म हे शब्द येथे कामाला आले, ते हा फरक नेमका दाखविता आला म्हणून.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अलंकारशास्त्रात उपमा हा शोभा वाढविणारा धर्म मानला जातो. निकायांत उपमा हे समजावण्याचे साधन आहे. उपमा दिली असता काही सुज्ञ पुरुषांना सांगितलेल्याचा अर्थ कळतो, अशा आशयाचे वचन गद्य सुत्तांत वारंवार येते. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद नागसेनांना पुन्हा पुन्हा उपमा मागतो, आणि उपमा मिळाल्यावर त्याची शंका फिटते. म्हणून पालि वाङ्मयात उपमा शोभते की नाही, यापेक्षा ती पटते की नाही, हे अगोदर पाहिले पाहिजे.

पालुपद : नुसती पुनरुक्ती नव्हे

गाथेचा प्रत्येक चरण म्हणजे पाद. सिलोक छंदात आठ आठ अक्षरांचे चार पाद असतात. त्यांतील एखादा पाद गाथेगणिक तसाच परत आला की त्याला ध्रुवपद म्हणावे. मराठीत आपण त्याला पालुपद म्हणतो. ‘तेच पालुपद पुन्हा लावले’ असे आपण कंटाळून म्हणतो, त्यामुळे या संज्ञेला उगाच हीनपणा आला आहे. मौखिक परंपरेत पालुपद स्मरणास मदत करते, हे खरेच. पण तेवढ्यावर थांबू नये.

महामंगलसुत्त आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहे. मंगल कोणते, असा प्रश्न आरंभी विचारला जातो आणि पुढील दहा गाथांच्या शेवटी ‘हे उत्तम मंगल होय’ या आशयाचा एकच पाद येतो. मंगल या शब्दाभोवती त्या काळी शकुन, मुहूर्त आणि दृष्ट-श्रुत चिन्हांची समजूत होती. प्रत्येक गाथा तो शब्द तेथून उचलते आणि आईवडिलांच्या सेवेवर, शिल्पावर, विनयावर, निर्दोष कर्मावर आणून ठेवते. दहा वेळा असे झाल्यावर शब्दाचा जुना अर्थ टिकत नाही. पालुपदाने येथे एका शब्दाचा अर्थ बदलून टाकला आहे. आणि शेवटच्या गाथेत काय होते? तेथे पालुपद हुबेहूब येत नाही. ‘हे’ हे दर्शक सर्वनाम जाते आणि त्या जागी ‘ते’ व ‘त्यांचे’ असे शब्द येतात. इतका वेळ आचरणाला मंगल म्हटले. आता आचरण करणाऱ्यांना जे लाभते ते त्यांचे मंगल होय, असे म्हटले. उपदेश आचरणाकडून आचरणाऱ्या माणसाकडे वळला. वर्षानुवर्षे पाठ म्हणूनही हा बदल अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण कानाने पालुपद गृहीत धरलेले असते.

सुत्तनिपातातील धनियसुत्तात पालुपद आणखी निराळे काम करते. मही नदीच्या तीरावरील गोपालक धनिय आणि भगवान यांचा हा संवाद आहे. प्रत्येक गाथेच्या अंती, वाटत असेल तर खुशाल बरस, असे पर्जन्यदेवाला उद्देशून म्हटले आहे. दोघांच्या तोंडी शब्द तेच. पण निर्भयतेची कारणे उलट. धनियाचे छप्पर शाकारलेले आहे, अग्नी पेटलेला आहे. भगवानांची कुटी उघडी आहे, अग्नी विझलेला आहे. धनिय म्हणतो मी ‘पक्कोदन’, म्हणजे माझा भात शिजला आहे. भगवान म्हणतात मी ‘अक्कोधन’, म्हणजे मी क्रोधरहित आहे. याला श्लेष म्हणणे बरोबर नाही, कारण श्लेषात एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात. येथे दोन भिन्न शब्द ध्वनीने शेजारी येतात. म्हणून हा अनुप्रासाच्या कुळातील प्रकार आहे. संज्ञेतील ही काटेकोरता पंडिती हट्ट नव्हे. ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्ही जीवनपद्धती क्षणभर सारख्या वाटतात आणि लगेच अर्थ त्यांना दूर सारतो, हीच त्या रचनेची युक्ती आहे. मग खरोखरच महामेघ बरसतो, सखल आणि उंच जमीन भरून जाते, आणि पालुपद थांबते. पावसाला दिलेले आव्हान पाऊस आल्यावर उरत नाही. धनिय शरण जातो तो यानंतर.

आंबेडकरी जलशांची आणि भीमगीतांची परंपरा ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना हे समजण्यास जड जाऊ नये. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींची गीते सभेत पोहोचली, त्यात श्रोत्यांनी उचलून धरलेल्या ध्रुवपदाचा वाटा मोठा होता. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद तेच असते, पण कडव्यागणिक त्याचे वजन बदलते. गाथा वाचताना हाच कान वापरावयाचा आहे.

अंबपालीच्या १९ गाथा : वक्ता कोण?

संज्ञांचा खरा कस लागतो तो अंबपाली थेरीच्या गाथांत. थेरीगाथेच्या वीसतिनिपातात या १९ गाथा आहेत. वैशालीची ही प्रख्यात गणिका. भगवानांच्या अखेरच्या प्रवासात तिने भिक्षुसंघाला भोजन देऊन आपले आम्रवन अर्पण केल्याची हकीकत महापरिनिब्बानसुत्तात आली आहे. अट्ठकथेनुसार पुत्र विमलकोण्डञ्ञ थेर यांचा उपदेश ऐकून तिने विपश्यना वाढविली.

गाथांची रचना अशी, की केसांपासून आरंभ करून पावलांपर्यंत एकेक अवयव घेतला आहे. तो पूर्वी कसा होता आणि वार्धक्याने आता कसा झाला आहे, हे सांगून शेवटी सत्यवादी बुद्धांचे वचन अन्यथा होत नाही, या अर्थाचे पालुपद येते. वृत्त रथोद्धता, म्हणजे डौलदार चालीचे. या गाथांविषयी दोन अभिप्राय नेहमी ऐकू येतात. एक असा, की यात स्त्रीदेहाची किळस केली आहे. दुसरा असा, की हा बीभत्सातून शांताकडे जाणारा रस आहे. दोन्ही अभिप्राय आम्हांस अपुरे वाटतात.

पहिल्या अभिप्रायात ‘वक्ता’ ही संज्ञा विसरली गेली आहे. काव्यात बोलणारी व्यक्ती कोण, हे ठरविल्याशिवाय अर्थ ठरत नाही. येथे कोणी पुरुष परक्या स्त्रीच्या देहाकडे पाहून बोलत नाही. ‘पूर्वी माझे’ असे शब्द गाथांतून परत परत येतात. ज्या देहाचे इतरांनी मोल केले, त्याविषयी अखेरचा शब्द त्या देहाची धनीण बोलत आहे. केसांपासून पावलांपर्यंत स्त्रीचे वर्णन करण्याची रीत पाहणाऱ्या पुरुषाची. ती रीत अंबपालीने आपल्या हाती घेतली आहे.

आता उपमाने तपासू. ‘पूर्वी’च्या बाजूस भ्रमरांसारखे काळे केस, रत्नांसारखे नेत्र, वनात हिंडणाऱ्या कोकिळेसारखा स्वर, घासलेल्या शंखासारखी मान, हत्तीच्या सोंडेसारख्या मांड्या. ही सगळी सौंदर्यवर्णनाची ठरीव सामग्री आहे. ‘आता’च्या बाजूस काय आहे? केस तागाच्या सालीसारखे, हात कंदमुळांसारखे, मांड्या वेळूच्या नळ्यांसारख्या, पोटऱ्या तिळाच्या काड्यांसारख्या. ही उपमाने शेतातली आणि अंगणातली आहेत. दरबारी उपमानांच्या जागी कष्टकऱ्यांच्या नित्य हाताळणीतल्या वस्तू आल्या आहेत. कित्येक ठिकाणी तर ‘आता’च्या बाजूस उपमाच नाही. नेत्र निस्तेज झाले, स्वर जागोजागी अडखळतो, केस विरळ झाले, असे सरळ विधान आहे. म्हणजे उपमा कोठे आहे याइतकेच ती कोठे गळून पडली आहे, हेही पाहावे लागते. शोभेची भाषा सोडून वस्तुस्थितीच्या भाषेकडे येणे, हा या गाथांचा प्रवास आहे.

शेवटच्या गाथेत रूपक येते. ‘सारखे’ हा सादृश्यवाचक शब्द जातो आणि देह हेच गिलावा गळून पडलेले जुने घर होते. उपमेत दोन वस्तू शेजारी असतात, रूपकात त्या एक होतात. इतक्या गाथांत एकेक अवयव वेगवेगळा तोलल्यावर संपूर्ण देहाविषयीचे विधान रूपकात यावे, यात क्रम आहे. उपमा आणि रूपक यांतील भेद विद्यार्थी व्याख्येने पाठ करतो. येथे तो अर्थाने कळतो.

रसाचा प्रश्न राहिला. नाट्यशास्त्राने आठ रस सांगितले. शांताची भर नंतर पडली. सुबोधालंकारानेही रसविचार स्वीकारला आहे. पण अंबपालीच्या गाथेत बीभत्स म्हणावा तर जुगुप्सेचा सूर लागत नाही. पालुपद त्याच्या आड येते. अनित्यतेविषयी शास्त्याने जे सांगितले ते ती आपल्या देहावर पडताळून पाहते, आणि एकोणीस वेळा, होय, ते तसेच आहे, असा निर्वाळा देते. ही साक्षीदाराची जबानी आहे. ‘एहिपस्सिक’, म्हणजे येऊन पाहा, असे ज्या धम्माचे वर्णन केले जाते, त्या धम्माची ही तंतोतंत काव्यरचना आहे. येथील स्थायी भाव शोधावयाचा तर तो प्रचीतीत शोधावा लागेल. आणि प्रचीतीला रसांच्या यादीत जागा नाही. संज्ञा अपुरी पडते तेव्हा गाथेला कापून तिच्या मापात बसविण्यापेक्षा ती संज्ञा बाजूला ठेवणे हेच शहाणपणाचे.

पुण्णिकेचा युक्तिवाद

सोळसनिपातातील पुण्णिका थेरीच्या १६ गाथांपुढे तर अलंकारांची यादी अगदीच निरुपयोगी ठरते. अट्ठकथेनुसार पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी. पाणी भरणे हे तिचे काम. थंडीत नदीत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाशी तिचा हा संवाद आहे. पहिल्या गाथेत ती म्हणते, की मालकिणींच्या दंडाच्या आणि कठोर बोलण्याच्या भयाने मी हिवाळ्यातही सदैव पाण्यात उतरत असे. दुसऱ्या गाथेत ती ब्राह्मणाला विचारते, तू कोणाच्या भयाने उतरतोस? सदैव पाण्यात उतरण्याचे शब्द दोन्ही गाथांत तेच आहेत. बदलतो तो क्रियापदाचा पुरुष. त्या एका आवृत्तीने दासी आणि ब्राह्मण एकाच थंड पाण्यात शेजारी उभे राहतात. दोघेही भ्यालेले आहेत. फरक एवढाच, की तिला आपले भय कशाचे हे ठाऊक आहे.

स्नानाने पाप धुतले जाते असे ब्राह्मण सांगतो, तेव्हा ती त्याचे म्हणणे मान्य करून पुढे चालविते. तसे असेल तर बेडूक, कासवे, सर्प आणि सुसरी सगळे स्वर्गात जातील. आणि या नद्या पाप वाहून नेतात, तर पुण्यही वाहून नेतील. मग तू दोन्हींना मुकशील. येथे कोणता अलंकार आहे, असे विचारण्यापेक्षा येथे कोणता तर्क आहे, असे विचारावे. प्रतिपक्षाचे विधान स्वीकारून त्यातून हास्यास्पद निष्कर्ष काढणे याला तर्कशास्त्रात अतिप्रसंग म्हणतात. त्याला उपरोधाची धार आहे, पण तुच्छता नाही. कारण तिच्या बोलण्याचा शेवट काळजीत होतो: ज्याच्या भयाने तू पाण्यात उतरतोस ते कर्मच करू नकोस, थंडीने तुझी त्वचा दुखवू देऊ नकोस. पुढे तो वस्त्र देऊ करतो आणि ती ते नाकारते. अखेर तो शरण जातो, तेव्हा, पूर्वी मी केवळ ब्रह्मबंधू होतो, आज खरा ब्राह्मण झालो, असे म्हणतो. मंगलसुत्तात ‘मंगल’ शब्दाचे जे झाले, तेच येथे ‘ब्राह्मण’ शब्दाचे झाले.

पाणी आणि शुद्धी यांच्या नावाने माणसाला कसे दूर ठेवले गेले, हे २० मार्च १९२७ च्या महाड सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु या गाथांची ताकद केवळ विषयात नाही. संवादाच्या रचनेत, आवृत्तीत आणि तर्काच्या चढत्या क्रमात ती आहे. ‘क्रांतिकारक विचार’ एवढेच म्हणून पुढे जाणारा समीक्षकही पुण्णिकेवर अन्यायच करतो. कारण तो तिला विचार असल्याचे मान्य करतो आणि कला असल्याचे नाकारतो.

समारोप

दलित साहित्याच्या चर्चेत आनंदवादी, रसवादी सौंदर्यविचार अपुरा ठरतो, हे वारंवार मांडले गेले आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात ही भूमिका विस्ताराने मांडली. ती आम्हांस मूलतः मान्य आहे. तथापि जुन्या मापाला नकार देणे म्हणजे मापनच सोडणे नव्हे. उपमान, पालुपद, वक्ता, आवृत्ती हे शब्द कोणा एका वर्णाची मिरासदारी नाहीत. छंद, अक्षर, नाम आणि कवी यांचा विचार तिपिटकातच झालेला आहे. म्हणून गाथेची घडण पाहणे हे बाहेरून आणलेले काम नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालि व्याकरण आणि शब्दकोश यांसाठी परिश्रम घेतले. शब्दाच्या रूपाकडे लक्ष दिल्यावाचून अर्थ हाती येत नाही, ही जाणीव त्यामागे असली पाहिजे, असे आम्ही समजतो.

विहारांतील अभ्यासवर्गांनी गाथा म्हणून झाल्यावर थोडा वेळ थांबून चार प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. ही गाथा कोण बोलत आहे? कोणते शब्द परत येतात, आणि शेवटी त्यांत काही बदल होतो काय? उपमान कोणाच्या जीवनातून घेतले आहे? आणि जे नाव आपण या रचनेला देत आहोत, त्याने आपल्याला काय अधिक कळले? चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर ते नाव तेथेच सोडून द्यावे आणि गाथा पुन्हा एकदा, सावकाश म्हणावी.